डॉन कासिमिरोची चाल

माद्रिद, २ डिसेंबर १९७७

सुटलो एकदाचा! काल राजपत्रात छापून आलं: चित्रपटांची सेन्सॉरशिप बंद. आजपासून एवेलिओ बारागानच्या संवादांवर कुणाच्या बापाची लाल पेन्सिल फिरणार नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये सगळ्यांना माझ्या पैशाने व्हर्मूथ पाजली. टपालवाल्याने विचारलं, "आता काय दाखवणार, डॉन एवेलिओ?" मी म्हटलं, "सगळं!" काय टाळ्या पडल्या! माझ्या गेल्या दोन चित्रपटांना मिळूनही इतक्या पडल्या नव्हत्या. हे इथे लिहायला हरकत नाही, कारण ही वही माझ्या बायकोशिवाय, विसीशिवाय, कुणाच्या हाती लागत नाही, आणि विसी वाचत नाही म्हणते.

पुढे कुणी माझं चरित्र लिहिलं तर त्याच्यासाठी एक नोंद. एकोणीस चित्रपट मी त्या सेन्सॉर मंडळाच्या डोळ्यांत धूळ फेकून काढले. युक्ती माझी स्वतःची. प्रत्येक पटकथेत तीन प्रसंग असे घालायचे की वाचणाऱ्याला दरदरून घाम फुटावा. बिशपच्या अंगावर बायकी झगा, आंघोळीच्या टबात कर्नल, असलं काहीतरी. त्यांना मी बळीचे बकरे म्हणतो. माझ्या पटकथा बावीस वर्षं एकाच माणसाच्या टेबलावर जायच्या, डॉन कासिमिरो पेन्यालबा. तो तिन्ही बकरे कापायचा, कर्तव्य बजावल्याच्या समाधानात घरी जायचा, आणि मला जे खरोखर हवं असायचं ते अलगद सुटायचं. बावीस वर्षांत त्या माठाला पत्ता लागला नाही!

५ डिसेंबर

बेनिग्नोने ऑफिसात बोलावलं. बेनिग्नो माझा निर्माता, मी बारीक होतो तेव्हापासूनचा. त्याच्या टेबलावर माझ्या मागच्या चित्रपटाचं पोस्टर होतं. त्यावर तो कॉफीचा कप ठेवत होता.

"एवेलिओ, तू एकसष्ट वर्षांचा झालास."

"साठ."

"लोक चाळीस वर्षं उपाशी होते रे. त्यांना कातडी हवीय, कातडी! मला वीस मिनिटं उघड्या बायका दे, आणि उरलेल्या वेळात तू हवा तितका धडपड."

"मी विनोदकार आहे, खाटीक नव्हे."

"दोन पडले. हा तिसरा पडला तर दारावर 'विनोदकार' अशी पाटी लाव आणि घरी बस. मी दुसरा बघेन. तरुण पोरं रांगेत उभी आहेत."

मी ताडकन उठलो. कलावंताला अशी भाषा! दारापर्यंत गेलो आणि विचारलं, "वीसच्या जागी दहा चालतील का?" पंधरावर सौदा ठरला. पटकथा ईस्टरपर्यंत द्यायची आहे.

११ जानेवारी १९७८

एकशे चाळीस पानं लिहून झाली. विसीने टाइप केली. माझ्या सगळ्या पटकथा तीच टाइप करते आणि सगळे चित्रपट तीच कापून जोडते, पस्तीस वर्षं. तिला विचारलं, "कशी वाटली?"

"शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या."

"अगं, वाटली कशी?"

तिने चष्मा काढला. "एवेलिओ, यात सगळे बकरेच आहेत. बकऱ्यांमागे तू जे लपवायचास, ते कुठेय?"

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, तुला गुलामगिरीची सवय झालीय, म्हणून मोकळी हवा सोसत नाही. ती "असेल" म्हणाली आणि चणे भिजत घालायला गेली.

मग मी पुन्हा सगळी वाचली. विनोदी आहे. भयंकर विनोदी आहे. मला हसू आलं नाही, पण स्वतःच्याच विनोदाला हसायला मी काही वेडा नाही.

२४ जानेवारी

आज कोण भेटावं? डॉन कासिमिरो! नगरपालिकेमागच्या कॅफेत एकटाच, दूध-कॉफीत बिस्किट बुडवत बसला होता. मंडळ मोडलं, तशी त्याची बदली खाद्यपदार्थांच्या खात्यात झालीय. डबाबंद शिंपल्यांच्या लेबलांवर काय छापलंय ते वाचतो आणि शिक्का मारतो. ऐकून मला इतका आनंद झाला की मी खुर्ची ओढून समोरच बसलो.

"काय डॉन कासिमिरो, शिंपले सभ्य असतात ना? की त्यांनाही काही घालायला लावता?"

त्याचे कान लाल झाले. "सभ्य असतात, डॉन एवेलिओ. पण वाचायला काही नसतं त्यांच्यावर."

मला राहवलं नाही. बावीस वर्षं पोटात ठेवलेलं गुपित भडाभडा ओकलो. बकरे कसे घालायचो, तो कसा फसायचा, सगळं. वाटलं, आता याचा चेहरा बघण्यासारखा होईल. तर तो दोनदा खाकरला, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "माफ करा, पण पान चौदा, सदतीस आणि साठ."

"म्हणजे?"

"तिथेच असायचे ते. बहुतेक वेळा. मला बरं पडायचं. आमच्या वर एक फादर होते आणि एक कर्नलसाहेब. मी काहीच कापलं नाही तर ते स्वतः वाचायला घ्यायचे. तीन कापले की मी लिहायचो, 'आता निर्दोष', आणि ते सही करायचे. तुम्ही ते माझ्यासाठीच घालता, असं मी समजत होतो."

थापाड्या! मंडळातली खुर्ची गेल्यावर माणूस काय काय रचतो. तो शिंपले वाचता वाचता मनातल्या मनात शहाणा होतोय, होऊ दे बापडा. पान चौदा, म्हणे. (जुन्या प्रती काढून पाहिल्या. योगायोग आहे.)

३१ जानेवारी

डॉन कासिमिरोला मी सल्लागार नेमलं. निव्वळ दयेपोटी. बायको वारली, मूलबाळ नाही, आणि शिंपले वाचतो. दर मंगळवारी दुपारी घरी जेवायला येईल आणि पटकथा वाचेल. बेनिग्नोला कळता कामा नये, नाहीतर सबंध माद्रिद म्हणेल की एवेलिओने स्वातंत्र्यात सेन्सॉर भाड्याने घेतला. विसीला फार आनंद झाला, का कुणास ठाऊक. मसूर आणि चोरीसो सॉसेजचा बेत केला.

एक मात्र आहे, हा माणूस बघत राहावा असा आहे. खुर्चीवर बसण्याआधी तो रुमाल पसरतो, चार कोपरे नीट ओढून, मग त्यावर अशा बेताने बसतो की रुमालालाही त्रास होऊ नये. चालताना गुडघे जरा जास्त वर उचलतो, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालावं तसा. उन्हातसुद्धा छत्री, आणि ती पोटाशी आडवी धरलेली. आणि काही वाईट बोलायचं असलं की दोनदा खाकरणार, छताकडे बघणार, "माफ करा, पण".

पटकथेची पहिली पन्नास पानं वाचून तो खाकरला. मी म्हटलं, बोला.

"माफ करा, पण कापायला काही नाही."

"म्हणजे चांगली आहे!"

"म्हणजे... कापायला काही नाही, डॉन एवेलिओ." आणि त्याने मसूर पुन्हा घेतले.

७ फेब्रुवारी

डॉन कासिमिरोने जेवताना एक कंटाळवाणी हकिकत सांगितली. मंडळात येण्याआधी, तरुणपणी, दोन उन्हाळे तो समुद्रकिनाऱ्यावर सरकारी देखरेख्या होता. हातात मोजपट्टी घेऊन बायकांचे पोहण्याचे पोशाख गुडघ्यापासून किती वर आहेत ते मोजायचं. "मला फार लाज वाटायची," म्हणाला. "मी डोळे मिटून मोजायचो. आकडे सगळे चुकायचे." विसी हसून हसून खोकली. मला झोप येत होती.

८ फेब्रुवारी

सुचलं! सकाळी दाढी करताना एकदम, आकाशातून पडल्यासारखं! जुनी पटकथा कचऱ्यात. नवी गोष्ट अशी: समुद्रकाठच्या गावात एक सरकारी देखरेख्या आहे, तीस वर्षं बायकांचे पोशाख मोजतोय. एका सकाळी नियम रद्द होतो आणि किनारा नागव्या परदेशी पाहुण्यांनी भरतो. पण त्याला रद्द झाल्याचं कुणी कळवतच नाही. बेनिग्नोची पंधरा मिनिटं कातडी आयती मिळाली, आणि माझ्यासाठी भूमिका! चित्रपटाचं नाव 'मोजपट्टी'.

विसीला सांगितलं. तिने विचारलं, "एवेलिओ, हे तुला सुचलं?"

"मग कुणाला?"

"काही नाही," म्हणाली.

१४ मार्च

कामाला भलताच जोर आलाय. हा मनुष्य पेन्सिल घेऊन बसला की माझं रक्त उसळतं. आज किनाऱ्यावर विधवेच्या पोशाखाचं माप घेण्याचा प्रसंग होता. मी तिला पुरती उघडी केली होती. तो खाकरला. "माफ करा, पण हे नको. सगळंच दिसतंय म्हटल्यावर तुमच्या माणसाला मोजायला काय राहिलं?"

अर्धा तास भांडलो. त्याच्या आईबापापासून सुरुवात केली. तो नुसता पेन्सिल धरून बसून होता. शेवटी त्याला दाखवायचंच म्हणून मी उभ्या उभ्या नवा प्रसंग रचला. देखरेख्या डोळे मिटून मोजत मोजत पुढे जातो, विधवा केव्हाच निघून गेलेली असते, आणि तो मोजतो ते गावच्या धर्मगुरूंचे पाय. विसी टाइप करताना थांबून हसली. डॉन कासिमिरो हसत नाही, त्याचे खांदे हलतात. खूप हलले.

बघा, विनोद माझा. त्याने फक्त "नको" म्हटलं. "नको" कुणीही म्हणू शकतं.

मग किनाऱ्यावरच्या दोनशे नागव्यांचा प्रश्न आला. मी सहज विचारलं, "तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

त्याने गंभीरपणे विचार केला. "छत्री धरली असती."

"दोनशे जणांवर?"

"एकावर धरली असती. मग दुसऱ्यावर. काय करणार, छत्री एकच ना."

हे मी लिहून घेतलं. एक माणूस, एक छत्री, दोनशे नागवे, आणि तो उन्हात धावतोय. चित्रपटातला सगळ्यात मोठा हशा इथे येणार. कधी कधी माझ्या डोक्याचं मलाच आश्चर्य वाटतं.

२१ मार्च

ईस्टरच्या पाच दिवस आधी पटकथा पुरी. डॉन कासिमिरोने शेवटचं पान उलटलं, टोपी छातीशी धरली आणि म्हणाला, "हा माझ्यासारखाच कुणीतरी आहे, डॉन एवेलिओ. अगदी असंच असायचं तिथे. तुम्ही त्याला गावकऱ्यांकडून मार खाऊ दिला नाहीत, फार बरं वाटलं." डोळे पाणावले होते त्याचे. मी म्हटलं, माणुसकी हाच माझ्या विनोदाचा पाया आहे.

बेनिग्नोने पटकथा वाचली आणि मला मिठी मारली. गेल्या नऊ वर्षांत मारली नव्हती.

१९ एप्रिल

देखरेख्या सापडला! महिनाभर आरशासमोर वेगवेगळ्या चाली करून पाहिल्या. लंगडा, फेंगडा, सैनिकी. काहीच जमेना. आज गुडघे उचलून, पुसलेल्या फरशीवरून चालल्यासारखा चार पावलं टाकली, छत्री पोटाशी आडवी, आणि आरशातला माणूस जिवंत झाला. रुमालही घेतला. खाकरणंही. माझंच मला हसू फुटलं.

विसी दारात उभी होती. तिला नाही फुटलं.

"हे करणार आहेस तू?"

"जमलंय ना?"

"फार जमलंय. म्हणून म्हणते, त्यांना आधी सांग."

"पटकथा त्यांनीच वाचलीय. देखरेख्या आपल्यासारखा आहे, हे तेच म्हणाले."

"पटकथेत 'चालत येतो' एवढंच लिहिलंय, एवेलिओ. कसा ते मी टाइप केलेलं नाही."

म्हटलं, सांगेन. मंगळवारी सांगेन.

२५ एप्रिल

मंगळवार. विषय निघाला नाही.

२ मे

आजही निघाला नाही. त्याने विसीसाठी बदामाच्या वड्या आणल्या होत्या, अशा वेळी कसा काढणार?

६ जून

किनाऱ्यावर, चित्रीकरणाचा नववा दिवस. पाणी थंड आहे. दोनशे नागव्यांपैकी साठ आले, त्यातले निम्मे गावातले पेन्शनर. मी छत्री घेऊन धावलो आणि कॅमेरावाला हसताना चौकटीतून बाहेर गेला. प्रसंग दोनदा घ्यावा लागला. पस्तीस वर्षांत कॅमेरावाला हसलेला मी पाहिला नव्हता. जेवणाच्या वेळी मेकअपवाल्या, दिवेवाले, सगळे माझ्यासारखे चालत वाढून घेत होते. मला रडूच आलं, खरं सांगतो. वाटलं होतं, संपलो.

डॉन कासिमिरोचं पत्र आलं. रजा शिल्लक आहे, तर एक दिवस चित्रीकरण बघायला आलो तर चालेल का, विचारतो. बावीस वर्षं चित्रपट वाचले, पण कॅमेरा कधी पाहिला नाही. मी कळवलं, समुद्राची हवा तुमच्या छातीला मानवणार नाही.

१४ जून

शेवटचं दृश्य घेतलं. देखरेख्याला अखेर कळतं की नियम सहा महिन्यांपूर्वीच उठला. तो मोजपट्टी गुंडाळतो, छत्री घेतो आणि किनाऱ्यावरून पाठमोरा दूर चालत जातो. फक्त चाल, चाळीस सेकंदं. बाजूला गावातली पोरं बघत उभी होती, ती खो खो हसत होती.

९ ऑगस्ट

माद्रिद भट्टीसारखं तापलंय, सगळे पळालेत, आणि आम्ही खोलीत कोंडून आवाज भरतोय. इकडे चित्रीकरण मुकंच होतं, संवाद मागाहून पडद्याकडे बघून म्हणायचे. आज दिवसभर खाकरलो. पहिली खाकर माझी वाटत होती, नववी डॉन कासिमिरोची आली. विसी कात्री घेऊन शेजारच्या मेजावर. संध्याकाळी म्हणाली, "अजून वेळ आहे. शेवटची चाल मी काढू शकते. त्याशिवायही चित्रपट पुरा होतो."

"अगं, तीच तर चित्रपट आहे!"

"म्हणूनच म्हणते."

बायकांना विनोद कळत नाही असं मी कुठेही म्हणणार नाही, पण इथे लिहितो.

१८ सप्टेंबर

काय दिवस! काय दिवस! 'मोजपट्टी'चा पहिला खेळ, बाराशे खुर्च्या, एकही रिकामी नाही. मी सर्वांत मागे भिंतीला टेकून उभा होतो, नेहमीसारखा. पहिल्याच दृश्यात देखरेख्या रुमाल पसरतो. हशा! खाकरतो. हशा! छत्रीच्या वेळी तर लोक खुर्चीचे हात बडवत होते. मला बेनिग्नो दिसला, तो पडद्याकडे नाही, लोकांकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, प्रार्थना करत असावा. शेवटी ती चाल. चाळीस सेकंदं बाराशे माणसं नुसती ओरडत होती. मी वाचलो. आणखी दहा वर्षं वाचलो.

डॉन कासिमिरो आला होता. विसीने परस्पर आमंत्रण धाडलं होतं. सातव्या रांगेत, कडेला. अंधारात मला त्याचे खांदे दिसत होते. ते हलत नव्हते. मला वाटलं, गर्दीत बिचकला असेल.

मग मधल्या दालनात एक भलताच प्रकार झाला. लोक बाहेर पडत होते, आणि तोही बाहेर पडला. टोपी, पोटाशी आडवी छत्री, गुडघे उचलत. आधी एका बाईने पाहिलं आणि किंचाळली. मग सगळ्यांनी. त्यांना वाटलं, जाहिरातीसाठी आम्ही माणूस उभा केलाय! टाळ्या पडल्या. एक जण ओरडला, "अहो, माझं माप घ्या!" एकीने त्याच्या छत्रीखाली डोकं घातलं आणि नवऱ्याने फोटो काढला. तो मध्ये उभा होता. खाकरला, सवयीने, छताकडे पाहिलं, आणि सबंध दालन पुन्हा फुटलं. बेनिग्नो माझ्या कानात म्हणाला, "कुठून शोधलास हा? सोन्यासारखा माणूस! रोज संध्याकाळी उभा करू."

विसी गर्दीतून वाट काढत गेली, त्याचा हात धरला आणि त्याला बाहेर घेऊन गेली. माझ्याच विजयाच्या दिवशी माझी बायको जेवायला नव्हती, याचीही नोंद असू दे.

२६ सप्टेंबर

मंगळवार. तो आला नाही. विसीने मसूर केलेच नव्हते, म्हणजे तिला माहीत असावं. चित्रपट बेचाळीस ठिकाणी चालू आहे. बस-थांब्यावर पोरं गुडघे उचलून चालतात. बेनिग्नोला पुढचा चित्रपट नाताळात सुरू करायचाय.

३ ऑक्टोबर

आला नाही. पुढच्या पटकथेची अकरा पानं झाली. वाईट आहेत. मुद्दाम चार बकरे घालून पाहिले, पण कापणाराच नसेल तर ते नुसते उभे राहून माझ्याकडे बघतात.

१० ऑक्टोबर

विसी सांगत होती, तो आठ दिवस कचेरीत गेलेला नाही. पाववाल्याच्या दुकानात कुणीतरी त्याच्यापुढे रुमाल पसरला. मी म्हटलं, प्रसिद्धी आधी बोचते, मग अंगवळणी पडते. मलाच नाही का पडली?

"तू ती मागितली होतीस," विसी म्हणाली. "जा त्यांच्याकडे."

मला जायचंच होतं. पानं दाखवायची होती.

१७ ऑक्टोबर

आज गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पानांची फाइल काखेत. त्यानेच दार उघडलं. मी ओळखलंच नाही क्षणभर. टोपी नाही. हात शरीराला चिकटवून शिपायासारखा उभा. मला बसायला सांगितलं आणि स्वतः बसला, थेट, रुमालाशिवाय. खाकर घशाशी आलेली मला दिसली, ती त्याने गिळली. मी नट आहे, मला या गोष्टी दिसतात. मनात म्हटलं, अरेरे, हा माणूस तर कुणीही वाटतोय आता.

शेरीचा ग्लास दिला त्याने, मी फाइल त्याच्या पुढ्यात ठेवली. चित्रपटाबद्दल मीच विचारलं. "फार छान झालाय," म्हणाला. "विधवेचा प्रसंग तर कागदावर होता त्याहून छान. लोक हसत होते. मला ते आवडलं." मग थांबला. "एक विनंती होती, डॉन एवेलिओ. मला तसं म्हणायचा काही अधिकार नाही. रुमाल असू दे. छत्री असू दे, ती मीच सांगितली होती. फक्त शेवटचं, पाठमोरं चालणं, ते काढता येईल का? दोन रात्री मी विचार केला. माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही. मला माहीत नव्हतं मी असा दिसतो. माझ्या बायकोने एकतीस वर्षं माझ्याशी संसार केला, ती कधी काही बोलली नाही. आता वाटतं, तीही मागून हसत असेल का?"

बेचाळीस प्रतींतून चाळीस सेकंदं काढणं म्हणजे विसीचं दोन दिवसांचं काम. पण माझ्या तोंडून निघालं, आणि निघालं तेव्हा मला ते फार चोख वाटलं: "डॉन कासिमिरो, आता कुणालाच काही कापता येत नाही. स्वातंत्र्य आलंय."

त्याने मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाला. "माझ्या लक्षातच आलं नाही." आणि माझी अकरा पानं मला परत दिली. उघडलीही नव्हती. म्हणाला, "शिंपल्यांना सवय झाली हो माझी."

मला दारापर्यंत सोडायला तो पुढे निघाला. घरातला अरुंद बोळ, आणि माझ्यासमोर त्याची पाठ. तो नीट चालायचा प्रयत्न करत होता. प्रत्येक पाऊल विचार करून टाकत होता, गुडघा वर यायला लागला की दाबत होता. आणि दाबल्यामुळे ते आणखीच... मी जगात इतकं विनोदी काही पाहिलेलं नाही. मी हसलो. आवरायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला, पण फुटलंच, मोठ्याने.

तो थांबला. मागे वळला नाही. दार उघडून धरलं, मी बाहेर पडेपर्यंत जमिनीकडे बघत राहिला, आणि मग आतून कडी लागली.

घरी आलो तेव्हा विसी कोट घालून वाट बघत होती. "काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्यांचा काहीच आक्षेप नाही."